मागे असलेल्या विंडोत आपोआप टंकन करता येते का? (व्हीबी ६ मधील जुनी लेखा प्रणाली)

खतावणी

आमच्या पतसंस्थेत पिग्मीचा दैनंदिन भरणा रोज संध्याकाळी संगणकावर चढवावा लागतो. एजंटांच्या यंत्रांतून आलेली यादी एक्सेलमध्ये तयार असते आणि तिच्यात खाते क्रमांक, रक्कम व पावती क्रमांक असे तीन रकाने असतात. मात्र लेखा प्रणाली व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६) मध्ये लिहिलेली आहे, बाहेरची फाइल आत घेण्याची सोय तिच्यात नाही, आणि ज्यांनी ती करून दिली त्यांनी हा व्यवसाय केव्हाच सोडला आहे. त्यामुळे खाते क्रमांक टाकून एंटर, नाव आले की रक्कम टाकून पुन्हा एंटर, असे शेकडो वेळा करावे लागते.

एक्सेलच्या मॅक्रोतून सेंडकीज (कळा दाबल्याचे सोंग आणणारी आज्ञा) वापरून हे काम होते, परंतु ते चालू असेपर्यंत संगणकाला हात लावता येत नाही. मध्येच एखाद्या खातेदाराला दाखला देण्यासाठी वर्ड उघडले, तर पुढचे खाते क्रमांक त्या दाखल्यात उमटू लागतात. नोंदी मागच्या विंडोत होत राहाव्यात आणि पुढे मला माझे काम करता यावे, अशी काही व्यवस्था आहे का? मॅक्रो रात्री चालवा, असे कृपया सुचवू नये. दिवसअखेर त्याच संध्याकाळी करावी लागते.

कळफलक

प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही मुळापासून देतो.

विंडोजमध्ये कळ दाबली जाते ती एखाद्या विंडोत नव्हे, तर संपूर्ण डेस्कटॉपवर. कीबोर्डवरून आलेली प्रत्येक कळ एका सामाईक प्रवाहात पडते, तेथून ती त्या क्षणी सर्वांत पुढे असलेल्या विंडोच्या थ्रेडकडे (ती विंडो चालवणाऱ्या कार्यधाग्याकडे) जाते, आणि त्या विंडोतील ज्या चौकटीवर फोकस, म्हणजे टंकनाचा कर्सर, असेल तिला ती मिळते. सेंडइनपुट हे फंक्शन याच प्रवाहात कृत्रिम कळा मिसळते, त्यामुळे कळ कोणत्या विंडोसाठी आहे हे त्याला सांगण्याची जागाच नाही. एक्सेलच्या मॅक्रोभाषेचे, म्हणजे व्हीबीएचे, सेंडकीजही सक्रिय विंडोलाच कळा देते. तुमच्या दाखल्यात खाते क्रमांक उमटतात ते याच कारणाने. त्यात मॅक्रोचा दोष नाही.

दुसरा मार्ग म्हणजे हा प्रवाह बाजूला ठेवून ठरावीक विंडोच्या नावे थेट संदेश पाठवणे. पोस्टमेसेज या फंक्शनने डब्ल्यूएम-कीडाउन (कळ दाबली), डब्ल्यूएम-कीअप (कळ सोडली) किंवा डब्ल्यूएम-कॅर (अक्षर आले) हे संदेश हव्या त्या चौकटीच्या हँडलवर, म्हणजे विंडोजने तिला दिलेल्या ओळख क्रमांकावर, टाकता येतात, आणि ती विंडो मागे असली तरी ते तिच्या रांगेत पोहोचतात. ऑटोहॉटकी या विंडोजवरील कामे आपोआप करणाऱ्या स्क्रिप्ट-साधनातील कंट्रोलसेंड ही आज्ञा मुख्यतः हेच करते. याची मर्यादा मायक्रोसॉफ्टमधील अभियंता रेमंड चेन यांनी २००५ मध्येच आपल्या ब्लॉगवर स्पष्ट केली होती: पोस्टमेसेजने कीबोर्डचे हुबेहूब सोंग आणता येत नाही. टाकलेल्या संदेशामुळे कळांची नोंदलेली अवस्था बदलत नाही. तुम्ही ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ असे दोन संदेश पाठवलेत आणि समोरच्या प्रोग्रामने ‘एस’ मिळाल्यावर कंट्रोल दाबलेले आहे का हे गेटकीस्टेट या फंक्शनला विचारले, तर उत्तर नकारार्थीच येते. कंट्रोलसेंड त्यावर उपाय म्हणून स्वतःला त्या थ्रेडशी जोडून कळांची अवस्था बदलण्याचा प्रयत्न करते, पण तो दर वेळी साधतो असे नाही.

तुमच्या कामात मात्र शिफ्ट, कंट्रोल यांची गरज दिसत नाही. अंक आणि एंटर एवढेच असेल, तर मार्ग निघू शकेल. प्रथम ऑटोहॉटकीसोबत येणारे विंडो स्पाय उघडून खाते क्रमांकाच्या चौकटीवर माउस न्या आणि तिचा क्लास (चौकटीच्या प्रकाराचे नाव) काय दिसतो ते येथे कळवा.

सह्यकडा

क्रोमसारखा ब्राउझर किंवा जावा, क्यूटी यांत लिहिलेले प्रोग्राम असतील तर वरचा दुसरा मार्ग बहुधा तेथेच संपतो, हे पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी नोंदवतो. अशा प्रोग्रामांत बाहेरून विंडो एकच असते. आतील चौकटी आणि बटणे प्रोग्राम स्वतः रंगवतो, त्यांना स्वतंत्र हँडल नसते, आणि मग संदेश पाठवायचा तरी कोणाला? तेथे यूआय ऑटोमेशन (यूआयए) ही विंडोजमधील सोय वापरावी. दृष्टिहीनांसाठीची वाचक सॉफ्टवेअर ज्या दारातून आत जातात, तेच हे दार आहे. चौकटीचे मूल्य बदला, बटण चालवा, अशा विनंत्या त्यातून करता येतात आणि त्यांना कळांची गरजच नसते. पायथन येत असेल तर पायविनऑटो या संग्रहात जुना विन३२ मार्ग आणि यूआयए असे दोन्ही पर्याय आहेत. ब्राउझरमधील पानांसाठी सेलेनियम हे ब्राउझर आपोआप चालवणारे साधन पुरेसे आहे.

आणि टॅली वापरणाऱ्यांनी कळांच्या वाटेला जाऊच नये. टॅली एक्सएमएल स्वरूपात व्हाउचर आत घेते, आणि पोर्ट ९००० वर एचटीटीपीने पाठवलेल्या विनंत्याही स्वीकारते.

खतावणी

खाते क्रमांकाच्या चौकटीचा क्लास ‘थंडरआरटी६टेक्स्टबॉक्स’ असा असून पुढे ३ हा आकडा आहे. रकमेच्या चौकटीला ५ आहे. खातेदाराचे नाव जेथे उमटते तेथे माउस नेला, तर कोणताही क्लास न दिसता संपूर्ण फॉर्मचाच क्लास दिसतो. याचा अर्थ काय?

कळफलक

थंडर हे व्हिज्युअल बेसिकच्या पहिल्या आवृत्तीचे सांकेतिक नाव होते आणि ते क्लासच्या नावांत शेवटपर्यंत राहिले. तुमच्या चौकटी खऱ्या विंडो आहेत, ही चांगली बातमी. पुढचा आकडा मात्र फॉर्मवर त्याच क्लासच्या किती चौकटी कोणत्या क्रमाने आहेत यावरून ठरतो, त्यामुळे दुसरा फॉर्म उघडला की तोच आकडा वेगळ्याच चौकटीला लागू होतो. फॉर्मचे शीर्षक तपासल्याशिवाय स्क्रिप्टने एकही अक्षर टाकू नये.

नाव जेथे उमटते ते व्हीबी ६ चे लेबल असणार. लेबल ही स्वतंत्र विंडो नसते. फॉर्म ते आपल्याच पृष्ठभागावर रंगवतो. म्हणून तेथील मजकूर डब्ल्यूएम-गेटटेक्स्ट या मजकूर मागणाऱ्या संदेशाने वाचता येत नाही. हे तुमच्या दृष्टीने गैरसोयीचे आहे, कारण खाते बरोबर सापडले की नाही हे पडताळण्याचा सर्वांत सोपा मार्ग त्यामुळे बंद होतो.

करून पाहण्याचा क्रम असा. खाते क्रमांक कळांनी टंकू नका. डब्ल्यूएम-सेटटेक्स्टने, म्हणजे ऑटोहॉटकीच्या कंट्रोलसेटटेक्स्टने, थेट चौकटीत ठेवा. एकओळी चौकट असल्याने प्रोग्रामला ‘मजकूर बदलला’ ही सूचना मिळते. परंतु कळ दाबल्याची किंवा फोकस गेल्याची घटना घडत नाही, आणि नाव शोधण्याचे काम बहुधा त्यांपैकी एकीवर बेतलेले असते. म्हणून त्यानंतर त्याच चौकटीला एंटर, म्हणजे १३ क्रमांकाची कळ, पोस्ट करा. येथे सेंडमेसेज नको. सेंडमेसेज रांग टाळून थेट विंडोच्या प्रक्रियेला हाक मारते, त्यामुळे कीडाउनवरून अक्षराचा संदेश तयार करणारा टप्पाच गाळला जातो; शिवाय समोरचा प्रोग्राम अडकला तर तुमची स्क्रिप्टही अडकते.

एक धोका आताच सांगून ठेवतो, कारण येथे पैशांच्या नोंदी आहेत. ‘खाते सापडले नाही’ अशी पेटी समोर आली की मागचा फॉर्म अकार्यक्षम होतो आणि माणसाला त्यात टंकता येत नाही. पोस्ट केलेल्या संदेशांना मात्र ही अडवणूक लागू नाही. पेटी उघडी असतानाही ते खालच्या चौकटीत पोहोचतात आणि तेथील मजकूर निमूटपणे बदलतो. म्हणून प्रत्येक पायरीआधी फॉर्म कार्यक्षम आहे का हे इझविंडोएनेबल्डने विचारा, आणि नसेल तर स्क्रिप्ट थांबवून माणसाला बोलवा. पेटी आपोआप बंद करणारी स्क्रिप्ट लिहू नका.

दर्यावर्दी

लिनक्सवर काय स्थिती आहे? मी एक्सडूटूल हे कळा पाठवणारे साधन वापरतो, आणि विंडोचा क्रमांक दिला की काही प्रोग्राम ऐकतात, तर काही ढिम्म राहतात.

सह्यकडा

विंडोचा क्रमांक दिल्यावर एक्सडूटूल एक्ससेंडइव्हेंटने घटना पाठवते, आणि अशा घटनेवर ‘ही पाठवलेली आहे’ अशी खूण असते. ती पाहून काही प्रोग्राम घटना टाकून देतात. एक्सटर्म हे टर्मिनल तर सुरक्षेसाठी मुळातच तसे वागते. क्रमांक न दिल्यास एक्सटेस्ट हा विस्तार वापरला जातो आणि कळा खऱ्यासारख्या भासतात, पण मग त्या फोकस असलेल्या विंडोलाच मिळतात. वेलँड या लिनक्समधील नव्या पडदा-व्यवस्थेवर एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या विंडोत घटना टाकण्याची वाटच जाणीवपूर्वक ठेवलेली नाही. वायडूटूल हे यूइनपुट या कर्नलच्या सोयीतून कृत्रिम कीबोर्ड उभा करते, म्हणजे पुन्हा पुढच्याच विंडोला कळा. तुमचा प्रोग्राम एक्स ११ या जुन्या पडदा-व्यवस्थेवर चालत असेल तर एक्सव्हीएफबीने एक अदृश्य पडदा सुरू करून तो त्यावर चालवावा. तेथे फोकसचे भांडण करायला दुसरे कोणीच नसते.

खतावणी

कळफलक यांनी सांगितल्याप्रमाणे चाचणीसाठी ठेवलेल्या प्रतीवर प्रयोग केला. आरंभी कंट्रोलसेटटेक्स्टने काहीच होईना; लेखा प्रणाली ‘प्रशासक म्हणून चालवा’ अशी लावलेली आहे, हे लक्षात आल्यावर स्क्रिप्टही तशीच चालवली आणि मजकूर चौकटीत उमटू लागला. परंतु एंटर पोस्ट केल्यावर विचित्र प्रकार होतो. प्रणालीत खातेदाराचे नाव येत नाही, आणि पुढे वर्ड उघडे असेल तर त्यातला कर्सर टॅब दाबल्यासारखा पुढे सरकतो. वर्डला मी काहीही पाठवत नाही.

कळफलक

पहिल्या गोष्टीचे स्पष्टीकरण सोपे आहे. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या प्रोग्रामकडे असे संदेश पाठवता येत नाहीत. पोस्टमेसेज निदान ५ क्रमांकाची ‘प्रवेश नाकारला’ ही त्रुटी देते. सेंडइनपुट अडवले गेले तर त्याच्या परतीच्या मूल्यावरून किंवा त्रुटीवरून कारण कळतच नाही.

दुसरी गोष्ट मात्र या सगळ्या प्रश्नाचा निकाल लावणारी आहे. व्हीबी ६ च्या काळात एंटर दाबल्यावर पुढच्या चौकटीत जाण्यासाठी एक ओळ सर्रास लिहिली जात असे: दाबलेली कळ १३ असेल तर सेंडकीजने टॅब पाठवा. तुमच्या प्रणालीतही तीच ओळ असणार. तुम्ही पोस्ट केलेला एंटर तिला बरोबर मिळतो, मग ती स्वतः टॅब पाठवते, आणि ती टॅब पुढे असलेल्या विंडोला, म्हणजे वर्डला, जाते. लेखा प्रणालीतील फोकस हलतच नाही, आणि नाव शोधण्याचे काम फोकस जाण्यावर अवलंबून असल्याने नावही येत नाही. प्रणाली प्रशासक म्हणून का चालवावी लागते, याचेही हे कारण असू शकेल. व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोजवर व्हीबी ६ चे सेंडकीज ‘परवानगी नाही’ ही ७० क्रमांकाची त्रुटी देते, आणि ती टाळण्यासाठी अनेकांनी हाच उपाय केला होता.

म्हणजे आपण कितीही काटेकोर संदेश पाठवले, तरी समोरचा प्रोग्रामच आपण पुढे आहोत असे गृहीत धरून चालतो. या प्रणालीसाठी संदेशांचा मार्ग मी सुचवणार नाही.

कोरापाटा

मला पहिल्या प्रतिसादापासून हेच म्हणायचे होते, पण कारण इतके स्वच्छ हाती लागेल असे वाटले नव्हते. ज्या प्रोग्रामला पुढे राहायचे आहे त्याला पुढे राहू द्यावे, फक्त वेगळ्या डेस्कटॉपवर. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात, दुसरे विंडोज बसवा, लेखा प्रणाली आणि एक्सेल दोन्ही त्यात ठेवा. तेथे तुमचे जुने सेंडकीजचे मॅक्रोदेखील जसेच्या तसे चालेल, कारण आतील विंडोजचा कीबोर्ड, फोकस आणि पुढची विंडो हे सर्व त्याचे स्वतःचे असते. बाहेर तुम्ही वर्डमध्ये काहीही टंका.

काही गोष्टी आधीच पाहून घ्या. आतील विंडोजसाठी वेगळा परवाना लागतो. लेखा प्रणालीला यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली) असेल तर ते व्हर्च्युअल मशीनकडे वळवावे लागेल. विंडोजच्या होम आवृत्तीत हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय मिळत नाही, तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स घ्या. हायपर-व्ही वापरत असाल तर एन्हान्स्ड सेशन बंद ठेवा, कारण तो आतून रिमोट डेस्कटॉपच असतो आणि त्याच्या अडचणी सोबत घेऊन येतो: जोडणी तुटली की आतील पडदा कुलूपबंद होतो आणि सेंडइनपुटला कळा टाकायला सक्रिय डेस्कटॉपच उरत नाही. रिमोट डेस्कटॉपची विंडो नुसती लहान केली तरी बऱ्याचदा हाच अनुभव येतो. आतील विंडोजचे आपोआप कुलूप लागणे आणि झोपी जाणे हेही बंद करा.

बंदरपट्टा

एवढा खटाटोप कशाला? विंडोज १० पासून टास्क व्ह्यूमध्ये नवा डेस्कटॉप उघडता येतो. लेखा प्रणाली एका डेस्कटॉपवर आणि वर्ड दुसऱ्यावर ठेवले की झाले.

कोरापाटा

नाही. ते डेस्कटॉप केवळ विंडोंची मांडणी असतात. आतून डेस्कटॉप एकच आणि इनपुटचा प्रवाहही एकच. कळा तुम्ही पाहत असलेल्या मांडणीतील पुढच्या विंडोलाच जातील. एकाच संगणकावर दुसऱ्या वापरकर्त्याने लॉगिन करून ठेवण्याचा मार्गही चालत नाही, कारण विंडोजच्या नेहमीच्या आवृत्त्यांत एका वेळी एकच वापरकर्ता प्रत्यक्ष पडद्यावर असतो. विंडोज सर्व्हिस म्हणून चालवणेही उपयोगाचे नाही. व्हिस्टापासून सर्व्हिस वेगळ्या, शून्य क्रमांकाच्या सत्रात चालतात आणि तेथून तुमच्या पडद्यावरील विंडो दिसतही नाहीत.

गनिमी

हेच वापरून गेममध्ये मागच्या विंडोतून पात्र चालवत ठेवता येईल का?

कळफलक

बहुतेक गेम डायरेक्टइनपुट किंवा रॉ इनपुट या संदेशांना वगळून उपकरणाकडून थेट वाचणाऱ्या सोयींमधून कळा वाचतात, त्यामुळे पोस्ट केलेले संदेश ते पाहतही नाहीत. ऑनलाइन गेममध्ये असे केल्यास खाते बंद होण्याची शक्यता असते. या धाग्यात त्यावर अधिक चर्चा नको.

ताळेबंद

मी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू सोडून एका वेगळ्या बाजूकडे लक्ष वेधतो. तुमच्या प्रणालीत नोंद करणारा आणि ती मंजूर करणारा असे दोन स्वतंत्र वापरकर्ते असतील, तर स्क्रिप्टने फक्त नोंद करावी. मंजुरीही तीच स्क्रिप्ट अधिकाऱ्याच्या पासवर्डने करू लागली, तर ज्या तपासणीसाठी दोन माणसे ठेवली आहेत ती तपासणीच नाहीशी होते. पासवर्ड मॅक्रोत लिहून ठेवलेला मी अनेक संस्थांत पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी त्यावर शेरा मारला आहे.

पिग्मीच्या बाबतीत एक चांगली गोष्ट अशी की एजंटनिहाय बेरीज आधीच हाती असते. एका एजंटाची यादी पूर्ण झाली की थांबावे, प्रणालीतील त्या एजंटाचा दिवसाचा अहवाल काढावा, आणि त्याची बेरीज एजंटाने भरलेल्या रोख रकमेशी जुळली तरच पुढची यादी घ्यावी. संपूर्ण दिवसाची एकच बेरीज जुळवत बसलात तर दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. बेरीज जुळूनही रक्कम चुकीच्या खात्यात गेलेली असू शकते, तेव्हा अहवालातील खाते क्रमांक आणि एक्सेलमधील खाते क्रमांक ओळीने ताडून पाहणेही आवश्यक आहे.

कळफलक

ताळेबंद यांच्या सूचनेला तांत्रिक जोड देतो. नाव लेबलमध्ये असल्याने ते वाचता येत नाही, परंतु खाते क्रमांक आणि रक्कम या चौकटी वाचता येतात. रक्कम टाकल्यावर, शेवटचा एंटर देण्यापूर्वी, दोन्ही चौकटींतील मजकूर परत वाचून एक्सेलमधील ओळीशी ताडावा आणि ती ओळ वेळेसह साध्या मजकूर फाइलमध्ये लिहावी. मध्येच वीज गेली तर कोणत्या नोंदीपर्यंत काम झाले होते, याचा वाद मग उरत नाही. हे करायचे असेल तर मॅक्रोऐवजी व्हर्च्युअल मशीनमध्येही ऑटोहॉटकीच वापरावे. दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि तिची लिहिण्याची पद्धत पहिलीपेक्षा वेगळी आहे, तेव्हा जुन्या उदाहरणांची नक्कल करताना आवृत्ती पाहून घ्या.

खतावणी

व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज बसवून लेखा प्रणाली तेथे सुरू केली आहे. विदा आमच्या सर्व्हरवरच असल्याने आतून जोडणीला अडचण आली नाही, आणि व्हर्च्युअल मशीनची विंडो लहान करून ठेवली तरी नोंदी चालू राहतात. मंजुरी पूर्वीप्रमाणे व्यवस्थापकच करतील. प्रत्येक एजंटाच्या यादीनंतर स्क्रिप्ट थांबते.

आता एकच अडचण उरली आहे. नोंदीच्या शेऱ्यात ‘पिग्मी भरणा’ असे मराठीत लिहावे लागते. स्क्रिप्टमधून ते पाठवले की शेऱ्याच्या चौकटीत केवळ प्रश्नचिन्हे उमटतात. हाताने टंकताना जुना मराठी फाँट वापरतो, तेव्हा सर्व व्यवस्थित दिसते.

सह्यकडा

व्हीबी ६ च्या चौकटी युनिकोडच्या नाहीत. युनिकोड देवनागरी तेथे पोहोचताना विंडोजच्या आठ बिटांच्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या जुन्या तक्त्यात) बदलावी लागते, आणि देवनागरीसाठी असे कोडपेजच नसल्याने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते. तुमचा जुना फाँट युनिकोड नाही. तो इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणे दाखवतो, आणि प्रणालीत साठवली जातात ती इंग्रजी अक्षरे व चिन्हेच.

शेरा ठरावीकच असेल तर रूपांतरक शोधण्याची गरज नाही. लेखा प्रणालीत तो एकदा हाताने टंका, तेथून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तेथे जी अर्थहीन लॅटिन अक्षरे दिसतील तीच स्क्रिप्टमध्ये शेरा म्हणून लिहा, आणि कळांऐवजी कंट्रोलसेटटेक्स्टने चौकटीत ठेवा. स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर त्यांतील उच्चारचिन्हांची अक्षरे बिघडतील.

खतावणी

शेरा बरोबर उमटला. शिफारस केल्याप्रमाणे स्क्रिप्ट आता चौकटीतील मजकूर परत वाचताना शेऱ्याचीही तुलना करते.